हृदय थांबते तेव्हा बाळाला कोण सांभाळते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी तीर्थपुरी येथे झालेले व्याख्यान)



मी घनसावंगी तालुक्यातलीच माहेरवाशीण. नोकरीच्या निमित्ताने मुंबईला असते. गावी आले की ओळखीच्या बायका हटकून विचारतात, "तू तिकडे दवाखान्यात नेमकं करतेस काय?" मी डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. माझ्या कामाला इंग्रजीतून आलेले परफ्युजनिस्ट असे एक अवघड नाव आहे. सोपे करून सांगायचे तर, लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया चालू असते तेवढा वेळ त्यांच्या हृदयाचे आणि फुफ्फुसांचे काम जे यंत्र करते, ते चालविणे हे माझे काम. चिटणीसबाईंनी पत्रात लिहिले होते, "विषय आपल्या कामाचाच घ्यावा, परंतु घरी गेल्यावर भगिनींच्या उपयोगी पडेल असे काही सांगावे." त्यांच्या सूचनेप्रमाणेच आज बोलणार आहे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आम्ही मुलाच्या आईबापांना भेटतो. आपल्या मराठवाड्यातून आलेल्या आया डॉक्टरांपुढे गप्प असतात आणि मग हळूच मला बाजूला घेऊन विचारतात, "बाई, काळीज थांबवून आपरेशन करायचं म्हनायलेत. मंग तेवढा येळ माझं लेकरू जितं ऱ्हातंय का?" भगिनींनो, ह्या प्रश्नाला हसण्यासारखे काही नाही. ह्या प्रश्नाचे नीट उत्तर न मिळाल्यामुळे पुष्कळ आईबाप पोराला उचलून घरी घेऊन जातात. म्हणून आज प्रथम त्याचे उत्तर देते आणि मग आपल्या घरांविषयी दोन शब्द बोलते.

हृदय आणि फुफ्फुसे ह्यांचे काम तसे आपणां सर्वांना ठाऊक आहे. अंगातून फिरून काळवंडलेले रक्त हृदयाच्या उजव्या बाजूस येते, तेथून फुफ्फुसांत जाते, प्राणवायू घेऊन लालभडक होऊन डाव्या बाजूस परत येते आणि तेथून सर्व अंगाला पोहोचते. दोन्ही बाजूंमध्ये पडदा असतो. परंतु बाळ पोटात असताना ही व्यवस्था अगदी वेगळी असते. बाळाची फुफ्फुसे तेव्हा हवेने भरलेली नसतात. बाळाला प्राणवायू आईच्या रक्तातून, वारेमार्फत, नाळेतून मिळतो. म्हणजे नऊ महिने बाळाच्या फुफ्फुसांचे काम आई आपल्या अंगाने करीत असते. आम्ही जे यंत्र काही तास चालवितो, त्याचा पहिला नमुना विधात्याने आईच्याच पोटात करून ठेवला आहे, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

पोटात असताना बाळाच्या हृदयातील वरच्या पडद्यात एक झडप उघडी असते आणि हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांना जोडणारी एक आडवी नळीही उघडी असते. जन्मानंतर बाळाने पहिला टाहो फोडला, फुफ्फुसांत हवा गेली, की हे दोन्ही मार्ग हळूहळू बंद होतात. काही बाळांत ते बंद होत नाहीत. काहींच्या पडद्यात मुळातच छिद्र राहिलेले असते, तर काहींच्या वाहिन्या अरुंद किंवा उलटसुलट जोडलेल्या असतात. जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांमागे सुमारे ८ ते ९ बाळांना असा काही ना काही हृदयदोष असतो. त्यांतही खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असणे हा प्रकार फार आढळतो.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. असे बाळ जन्मले की घरात पहिला ठपका सुनेवर येतो. ग्रहणात हिने भाजी चिरली, संध्याकाळी उंबऱ्यावर बसली, काही वावडे खाल्ले, असे नाना दोष काढले जातात. वास्तविक बाळाचे हृदय गर्भाच्या पहिल्या आठ आठवड्यांतच बहुतेक घडून पूर्ण होते. म्हणजे सुनेला दिवस गेल्याची बातमी शेजारणींना कळण्यापूर्वीच पडदे, झडपा, वाहिन्या सर्व तयार झालेले असतात! मग पाचव्या महिन्यातल्या ग्रहणाने त्यात काय बिघडणार? बहुतेक मुलांच्या बाबतीत दोषाचे एकच एक कारण दाखविता येत नाही. काही गोष्टींनी धोका वाढतो, हे मात्र खरे आहे. आईला आधीपासून मधुमेह असणे, सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला म्हणजे जर्मन गोवर होणे, डॉक्टरांना न विचारता औषधे घेणे आणि जवळच्या नात्यात लग्न होणे ह्या त्या गोष्टी होत. आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याची चाल आहे. नाते गोड असते, परंतु त्यात हा धोका आहे, हे वडीलधाऱ्यांनी सोयरीक जुळवितानाच ध्यानात घ्यावे. सुनेला बोल लावण्यापेक्षा मुलींना वेळेवर गोवर-रुबेलाची लस देणे आणि दिवस राहण्यापूर्वीच मधुमेहाची तपासणी करून घेणे हे अधिक उपयोगाचे.

आता यंत्राकडे वळते. हृदयाला छिद्र आहे हे डॉक्टरांना पुष्कळ आधीपासून कळत होते, परंतु ते शिवायचे कसे? चालू मोटेच्या चाकाला ठिगळ लावता येत नाही. हृदय थांबवावे तर मेंदूला रक्त मिळेनासे होते आणि तीन-चार मिनिटांपलीकडे मेंदूला ते सोसत नाही. त्यामुळे सुरुवातीला हृदयाच्या आत हात न घालता जे करता येईल तेच केले गेले. ह्या कामी एक मोठी वाट दाखविली ती एका स्त्रीने. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात डॉ. हेलन टॉसिग ह्या बालरोगतज्ज्ञ होत्या. तरुणपणीच त्यांना ऐकू येईनासे झाले. मग स्टेथोस्कोपऐवजी मुलांच्या छातीवर बोटे ठेवून त्या हृदयाची तपासणी करू लागल्या. ज्या मुलांचे ओठ आणि नखे निळी पडतात, त्यांच्या फुफ्फुसांकडे रक्त कमी जाते, तेव्हा हाताकडे जाणारी एक वाहिनी फुफ्फुसाच्या वाहिनीला जोडून द्यावी, ही कल्पना त्यांची. डॉ. ब्लेलॉक ह्यांनी २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अशी पहिली शस्त्रक्रिया केली. प्रयोगशाळेत ह्या कृतीचा पाया घालणारे व्हिवियन थॉमस हे कृष्णवर्णीय गृहस्थ सुतारकाम शिकलेले होते. डॉक्टर होण्याची त्यांची इच्छा पैशाअभावी राहून गेली होती. पहिली रुग्ण होती १५ महिन्यांची एक मुलगी.

परंतु छिद्र बुजवायचे तर हृदय उघडणे भागच होते. त्यासाठी डॉ. जॉन गिबन ह्यांनी आयुष्याची वीसएक वर्षे वेचली. त्यांच्या पत्नी मेरी ह्या प्रयोगशाळेत त्यांच्या बरोबरीने काम करीत. आरंभी पैशाची इतकी चणचण होती की प्रयोगासाठी लागणारी भटकी मांजरे डॉक्टरसाहेब रात्री गल्लीबोळांतून माशाचा तुकडा दाखवून पोत्यात पकडून आणीत! अखेर ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे एका १८ वर्षांच्या मुलीचे हृदय त्यांनी उघडले. २६ मिनिटे तिचा सर्व रक्तप्रवाह यंत्राने सांभाळला, छिद्र शिवले गेले आणि ती मुलगी बरी होऊन घरी गेली. पुढे मात्र त्यांचे रुग्ण वाचले नाहीत आणि त्यांनी हे काम थांबविले. यश कसे कणाकणाने येते, ते ह्यावरून दिसते.

ह्याच सुमारास मिनेसोटा येथे डॉ. वॉल्टन लिलेहाय ह्यांनी दुसरीच युक्ती काढली. पोटातल्या बाळाला आई प्राणवायू पुरविते, मग जन्मलेल्या बाळाला का पुरवू नये? त्यांनी आईला किंवा बापाला मुलाच्या शेजारी दुसऱ्या मेजावर निजविले आणि नळ्यांनी दोघांचे रक्त जोडून दिले. आईबापाचे हृदय आणि फुफ्फुसे दोघांसाठी काम करीत आणि तेवढ्यात डॉक्टर मुलाचे हृदय शिवीत. पहिली शस्त्रक्रिया २६ मार्च १९५४ रोजी झाली, तेव्हा एक वर्षाच्या मुलाशेजारी त्याचा बाप निजला होता. ते मूल अकराव्या दिवशी न्यूमोनियाने गेले. तथापि अशा ४५ मुलांपैकी २८ मुले बरी होऊन घरी गेली. एका मुलाच्या आईला मात्र फार मोठी किंमत द्यावी लागली. रक्तात हवा शिरून तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. एका शस्त्रक्रियेत दोन जीव जाण्याची ही भीती टाळण्यासाठी यंत्रच सुधारणे अवश्य होते. मार्च १९५५ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये डॉ. किर्कलिन ह्यांनी सुधारलेल्या यंत्रावर एका ५ वर्षांच्या मुलीचे छिद्र बुजविले आणि तेथून ह्या विद्येला खरी गती आली.

आपल्याकडे मुंबईत परळला के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी ह्या शास्त्राचा मोठा पाया घातला. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला, परंतु जगातले पहिले हृदयरोपण डिसेंबर १९६७ मधले, हे ध्यानात घेतले म्हणजे आपली मंडळी किती तयारीची होती ते समजते. के. ई. एम.च्या शेजारीच १९२९ पासूनचे वाडिया बाल रुग्णालय आहे. आज राज्यात मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करणारी अनेक रुग्णालये आहेत आणि नवी मुंबईत खारघरला सत्यसाई संजीवनी केंद्रात तर मुलांवर हे उपचार विनामूल्य होतात.

आता यंत्र कसे चालते ते ऐका. छातीतल्या मोठ्या शिरांत बारीक नळ्या घालून अंगाकडून येणारे काळसर रक्त हृदयात शिरण्यापूर्वीच आम्ही यंत्राकडे वळवितो. तेथे ते केसासारख्या बारीक, पोकळ अशा हजारो तंतूंच्या जुडीभोवतून जाते. तंतूंच्या आतून प्राणवायू वाहतो. रक्त प्राणवायू घेते आणि आपल्यातला दूषित वायू सोडून देते. हे झाले फुफ्फुसाचे काम. हृदयाचे काम करणारा जो पंप आहे, तो समजावून सांगण्यासाठी मला नेहमी आपल्या गोठ्याची आठवण होते. धार काढताना आपण आचळ वरून दाबीत बोटे खाली आणतो आणि दूध पुढे सरकते. आमच्या पंपातही फिरणारे रूळ रबरासारखी मऊ नळी दाबीत जातात आणि आतले रक्त पुढे सरकते. रक्ताला रुळाचा स्पर्शही होत नाही. मग ते रक्त गाळणीतून जाऊन मुलाच्या मोठ्या धमनीत परत येते आणि सर्व अंगाला पोहोचते.

हे सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टींची दक्षता घ्यावी लागते. पहिली, रक्त नळ्यांत गोठू नये म्हणून हेपॅरिन नावाचे औषध देतात आणि त्याचा असर पुरेसा झाला की नाही, हे तपासल्याखेरीज यंत्र सुरू करीत नाहीत. दुसरी, नळ्यांतून हवेचा कणन् कण काढून टाकावा लागतो. मघाच्या त्या आईची हकीकत आपण ऐकलीतच. मी नळ्यांना टिचक्या मारीत, दिव्यापुढे धरून बुडबुडे शोधीत बसते, तेव्हा तांदूळ निवडणाऱ्या बाईसारखी दिसत असेन. तिसरी गोष्ट म्हणजे यंत्र भरणे. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. ३ किलो वजनाच्या बाळाच्या अंगात ते जेमतेम पाव लिटर, म्हणजे दोन-अडीच कप चहाइतकेच असते. नळ्या आणि यंत्र भरावयाला लागणारा द्रव कित्येकदा त्या बाळाच्या स्वतःच्या रक्ताइतकाच होतो. नुसते पाणी-क्षार घातले तर बाळाचे रक्त ताकासारखे पातळ होईल. म्हणून बाळांच्या यंत्रात आधीच दुसऱ्या कोणाचे तरी दान केलेले रक्त घालावे लागते. गावात रक्तदान शिबिर होते तेव्हा "एवढे रक्त जाते कुठे?" असे कोणी विचारले, तर त्यातले काही अशा यंत्रात जाते, हे त्यांना सांगा. रक्त देणाऱ्याला ते बाळ कधी दिसत नाही, पण त्याच्या रक्ताने ते तरून जाते.

यंत्र सुरू झाले की बाळाचे अंग आम्ही थोडे थंड करितो. ह्यामागचे कारण कंदिलावरून कळेल. वात बारीक केली की तेच तेल पुष्कळ वेळ पुरते. अंगाची उष्णता एक अंश उतरली की शरीराची प्राणवायूची गरज सुमारे ७ टक्के कमी होते. फार गुंतागुंतीच्या दोषांत बाळाला १८ अंशांपर्यंतही थंड करावे लागते. मग हृदयाला थंड, पोटॅशियमयुक्त औषध देतात आणि हृदय शांत होते. ते मेलेले नसते. दमलेला माणूस झोपावा तसे ते निजलेले असते. त्या वेळी मेंदू, मूत्रपिंडे, यकृत ह्या सर्वांना यंत्राकडून रक्त मिळतच असते. तेव्हा त्या माउलीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : "होय बाई, तुझे लेकरू जिवंत असते. काळीज निजलेले असते आणि लेकराला आम्ही जागतो."

डॉक्टर छिद्राला ठिगळ लावतात, ते पुष्कळदा मुलाच्याच हृदयाभोवतीच्या पिशवीच्या तुकड्याचे असते. तेवढा वेळ माझे डोळे यंत्रावर खिळलेले असतात. रक्ताचा दाब, प्रवाह, उष्णता, प्राणवायूचे प्रमाण सर्व सारखे पाहावयाचे आणि टिपून ठेवावयाचे. हवेचा बुडबुडा आला तर इशारा देणारी साधने असतात. वीज गेली तर यंत्राला स्वतःची बॅटरी असते आणि तीही बंद पडली तर हाताने फिरविण्याचा दांडा असतो! एवढे सुधारलेले यंत्र, पण शेवटचा आधार जात्याच्या खुंट्यासारखा एक दांडा आणि तो फिरविणारा माणसाचा हात!

काम आटोपले की अंग हळूहळू ऊब धरते, हृदयाकडे पुन्हा रक्त सोडतात आणि बहुधा हृदय आपले आपणच उडू लागते. इतक्या वर्षांनंतरही तो पहिला ठोका पाहताना माझा श्वास क्षणभर अडतो. मग यंत्राचा प्रवाह आम्ही एकदम बंद करीत नाही. चालायला शिकणाऱ्या मुलाचा पांगुळगाडा जसा हळूच काढून घ्यावा, तसा तो थोडा थोडा कमी करितो. अंगात जास्तीचे पाणी साठलेले असते, ते बारीक गाळणीतून काढून टाकतो. दही फडक्यात टांगून चक्का करतो, त्यातलाच हा प्रकार समजा. शेवटी हेपॅरिनचा असर उतरविणारे औषध देतात आणि यंत्राचे काम संपते.

काही वेळा हृदय लगेच भार घेत नाही. अशा वेळी एक्मो नावाचे धाकटे यंत्र काही दिवस अतिदक्षता विभागात चालू ठेवतात. नवजात बाळाला ह्या उपायाने वाचविण्याचे पहिले यश डॉ. रॉबर्ट बार्टलेट ह्यांना १९७५ साली कॅलिफोर्नियात मिळाले. ती मुलगी टाकून दिलेली होती, तिला नावही नव्हते. परिचारिकांनी तिचे नाव एस्पेरान्झा ठेवले. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ आशा. आशा जगली आणि मोठी झाली.

मी हे सर्व निर्धोक आहे असे म्हणत नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मेंदूला किंवा मूत्रपिंडांना इजा हे धोके आहेत आणि डॉक्टर ते आधी सांगतातच. प्रत्येक छिद्राला शस्त्रक्रिया लागते असेही नाही. काही लहान छिद्रे आपोआप बुजतात. काही मांडीच्या शिरेतून नळी घालून, छाती न उघडता बंद करता येतात. ते ठरविणे तज्ज्ञाचे काम आहे. परंतु मोठे छिद्र असेल आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची मुदत सांगितली असेल, तर ती मुदत पाळलीच पाहिजे. मोठ्या छिद्रातून जास्तीचे रक्त जोराने फुफ्फुसांत शिरत राहते. काही काळाने तेथील वाहिन्या जाड आणि ताठ होतात. मग दाब इतका चढतो की छिद्र बुजविणेच घातक ठरते. म्हणून खालच्या पडद्याचे मोठे छिद्र बहुधा पहिल्या वर्षातच बुजवितात. ही वेळ निघून गेली की जगातले कोणतेही यंत्र ती परत आणू शकत नाही.

भगिनींनो, ज्या गोष्टीसाठी मी येथे आले ती आता सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे ११ वर्षांची एक मुलगी आली. ओठ निळे, बोटांची टोके फुगलेली. आईने फडक्यात बांधून आणलेले कागद सोडले, तर त्यात मुलगी सहा महिन्यांची असतानाचा तपासणीचा कागद होता. "शस्त्रक्रिया लवकर करावी" असे त्यावर स्पष्ट लिहिलेले होते. घरच्यांनी म्हटले, मुलीची जात, छातीवर व्रण राहिला तर पुढे कोण करणार? मोठी झाल्यावर पाहू. डॉक्टरांनी सर्व तपासण्या केल्या आणि सांगितले की आता शस्त्रक्रिया होत नाही, औषधांवरच ठेवावे लागेल. त्या आईने कागदांची घडी पुन्हा फडक्यात बांधली. तोंडातून एक शब्द काढला नाही.

ही एका घरची गोष्ट नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी ह्या प्रश्नाची पाहणी करून २०११ साली ती प्रसिद्ध केली. ज्यांना शस्त्रक्रिया सांगितली होती अशा ४०५ मुलांच्या घरी पुढे काय झाले, ते त्यांनी पाहिले. मुलग्यांपैकी ७० टक्क्यांची शस्त्रक्रिया झाली होती, मुलींपैकी फक्त ४४ टक्क्यांची. छिद्र तेच, धोका तोच, मग हा फरक कोणी केला? यंत्राने नव्हे. मी वर सांगितलेल्या हकीकती आठवा. १९४४ मधली ती १५ महिन्यांची रुग्ण मुलगी होती, गिबनच्या यंत्रावर वाचलेली मुलगी होती, किर्कलिनची ती पाच वर्षांची रुग्ण मुलगी होती, आणि एस्पेरान्झाही मुलगीच. हे शास्त्र मुलींच्या अंगावर शिकले गेले आणि आमच्या घरांत मुलीच त्याला पारख्या होत आहेत! छातीवरचा व्रण कपड्याखाली झाकतो. निळे ओठ आणि धाप कशाखाली झाकणार?

आता घरी जाताना कोणत्या गोष्टी लक्षात ठेवायच्या? बाळ अंगावर पिताना थांबून थांबून पिते, दमते, कपाळावर घाम येतो. वजन वाढत नाही. सारखी सर्दी-खोकला आणि छाती भरणे. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो. रडताना ओठ, जीभ, नखे निळी पडतात. थोडे मोठे मूल खेळता खेळता दमून उकिडवे बसते. ह्यांपैकी काही दिसले तर दात येताहेत, दृष्ट लागली, असे म्हणून स्वस्थ बसू नका. दृष्ट काढायची तर काढा, मीठ-मोहरीने काही बिघडत नाही. परंतु बाळाच्या पोटाला बिब्बा लावणे, डागणे हे कोणालाही करू देऊ नका आणि दृष्ट काढून झाली की त्याच दिवशी दवाखान्याची वाट धरा. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर घरी येण्यापूर्वी बाळाच्या हातापायाला चिमटा लावून प्राणवायू मोजण्याचा आग्रह धरा. त्याने बाळाला काही दुखत नाही. सुनेची पाचव्या महिन्याची सोनोग्राफीही चुकवू नका.

सरकारची मदतही आहे, पण ती मागून घ्यावी लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना वर्षातून एकदा तपासते. हृदयदोषाचा संशय आला तर मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी आणि तेथून पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवितात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतही मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया बसतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, त्यांना रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवून विचारावे. पैशावाचून मूल घरी ठेवण्याची पाळी आता येऊ नये.

एक अडचण आपल्या भागाची विशेष आहे. दिवाळीच्या सुमारास पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. पथक अंगणवाडीत येते तेव्हा त्यांची मुले फडावर, कोपीत असतात. पथकाच्या वहीत त्यांच्या नावापुढे गैरहजर एवढाच शेरा पडतो. मंडळाने एवढे करावे : ऊसतोडीहून परतलेल्या प्रत्येक घरी दोघी भगिनींनी जाऊन लहान मुलांची विचारपूस करावी आणि ज्यांची तपासणी राहिली असेल त्यांची यादी आशाताईंकडे द्यावी. ज्या घरी शस्त्रक्रिया सांगितलेली मुलगी असेल, त्या घरी तर मंडळाच्या वडीलधाऱ्या बाईंनी स्वतः जावे. सासूची समजूत सासूच घालू शकते, हे मी अनुभवाने सांगते.

आणखी एक. बारावीला विज्ञान शिकणाऱ्या मुली येथे मागच्या बाजूस बसलेल्या दिसताहेत. माझ्या कामाचे शिक्षण पदवीच्या अभ्यासक्रमातून घेता येते. त्याला धीमेपणा लागतो, नेटकेपणा लागतो आणि तासन्‌तास एका जागी लक्ष ठेवण्याची सवय लागते. दूध उतू जाऊ न देणाऱ्या घरांतल्या मुलींना ते जड जाऊ नये.

चिटणीसबाईंनी ऊसतोडीच्या घरांची यादी करण्याचे काम पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावे, अशी विनंती करते.